न खेळलेल्या खेळाचा निकाल

साहेब, तुम्ही खोटं बोललात. नुसतं बोलला असतात तर एक वेळ सोडून दिलं असतं, पण तुम्ही मंडळाच्या शिक्क्यानिशी बोललात. ताटात काय वाढलंय ते न बघता मीठ कमी म्हणणारा जावई आपल्याकडे घरोघर असतो, पण तो निदान पाटावर तरी येऊन बसतो. तुम्ही पाटावरही बसला नाहीत. आंबिवलीच्या नीला दगडू तांबेने केलेला खेळ तुम्ही खेळला नाहीत, त्यातली एक ओळ वाचली नाहीत, आणि तरी त्याच्यावर मत ठोकून मोकळे झालात. तुमचं नाव इथे येणार नाही. भीती म्हणून नाही. तुमच्यासारखे इतके आहेत की एकाचं नाव घेतलं तर बाकीचे सुटतील. तेव्हा झालं काय ते ऐका.

शहाण्णव साली नीला कल्याणला स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवत होती. शिकायला म्हणून आलेली आणि शिकवायला राहिली. बारावीनंतर कॉलेज सुटलं ते सुटलंच, पण क्लासातली जाडजूड इंग्रजी पुस्तकं तिने डिक्शनरी मांडीवर घेऊन फोडली होती. क्लासचे मालक कुंडलिकसर भला माणूस, फक्त भित्रा. विजेचा दाब जरा कमीजास्त झाला की ते सगळी मशीनं बंद करून हात जोडून उभे राहत.

त्या वर्षी क्लासाला मतदारयाद्यांचं काम मिळालेलं. साध्या कॉम्प्युटरला तेव्हा मराठी येत नसे. मशीनच्या पोटात एक कार्ड बसवावं लागे, मग कुठे पडद्यावर देवनागरी उमटायची. सरांनी याद्यांसाठी एका मशीनला ते कार्ड बसवून घेतलं. याद्या संपल्या, मशीन कोपऱ्यात गेलं. आणि नीला रोज बॅच संपल्यावर त्या कोपऱ्यात जाऊन बसायला लागली.

"काय करतेस गं तिथे?" सरांनी विचारलं.

"गेम करतेय सर."

"मराठीत?"

"मग काय, मोडीत करू?"

सर हसले. त्यांना वाटलं पोरगी गंमत करतेय.

खेळ पुस्तकांचा होता. चित्र एकही नाही, नुसती गोष्ट. पडद्यावर चार ओळी येतात, थांबतात आणि विचारतात: आता काय करणार? खेळणाऱ्याने उत्तर टाइप करायचं. 'उत्तरेला जा.' 'कपाट उघड.' की गोष्ट पुढे सरकते. एका गावातलं ग्रंथालय बंद पडलेलं आहे. आत सात कपाटं आहेत. तिथल्या पुस्तकांचं दुखणं असं, की बरेच दिवस कुणी वाचली नाहीत तर त्यांची अक्षरं सुटी होतात आणि खाली गळतात. कपाटांच्या तळाशी काळ्या मुंग्यांसारखा अक्षरांचा ढीग पडलाय. खेळणाऱ्याने एकेक पुस्तक बाहेर काढायचं आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्या हातात नेऊन द्यायचं. सुईणीला सुईणीचं, होडीवाल्याला होडीचं, नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला कायद्याचं. आणि दारात एक रखवालदार उभा. तो कुणालाच आत सोडत नाही. सुरुवातीला खेळणाऱ्याच्या हाती एकच पुस्तक असतं, सुईणीचं, तेही अर्धं; उरलेली पानं आत राहिलेली.

खेळ चालायला लागला तेव्हा नीलाला एकच गोष्ट हवी होती. अनोळखी माणसांनी तो खेळावा आणि कसा वाटला ते तोंडावर सांगावं. बाकी काही नको.

पहिलं गिऱ्हाईक आणलं राघोने. राघो चेंदणी कोळीवाड्यातला. डोंबिवलीत त्याचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. पार्लरची मशीनं दुरुस्त करता करता तो कॉम्प्युटर दुरुस्तीतही शिरला होता, म्हणून क्लासात त्याची ये-जा. एका रविवारी सरांची हजार वेळा समजूत घालून त्याने ते कार्डवालं मशीन भावाच्या मासळीच्या टेम्पोत टाकलं आणि पार्लरमध्ये नेऊन मांडलं.

"सर बघतील तर वास घेऊन मरतील," नीला मॉनिटर हुंगत म्हणाली. "बोंबील आहे का रे?"

"सुका नाय, ओला हाय. शुभ असतंय गो," राघो म्हणाला. "आता गप बस आणि माझी पोरं काय बोलतात ते ऐक. ती कोणाच्या बापाला भीत नाय."

भीत नव्हतीच. कॉलेजला दांडी मारून दिवसभर पडद्यावर माणसं बडवणारी ती पोरं नव्या मशीनभोवती गोळा झाली आणि पहिल्या दोन ओळींतच कोकलायला लागली.

"अरे गोळी कुठून मारायची?"

"लाइफ किती आहेत? तीन तरी दे ना यार."

"हा रखवालदार बॉस आहे का? शेवटचा?"

"टाइप कर ना, 'रखवालदाराला मार'."

कुणीतरी टाइप केलं. पडद्यावर आलं: 'तुम्ही त्याला मारलंत. त्याने तुम्हाला जास्त मारलं. आता तुम्ही दवाखान्यात आहात. तिथे वाचायला काही नाही.'

पार्लर हसून हसून फुटलं. पण अर्ध्या तासात एकेक जण आपापल्या मारामारीकडे परत गेला. उरला फक्त दामाजी नावाचा एक लांबलचक मुलगा. तो कपाळाला आठ्या घालून होडीवाल्याचा पत्ता शोधत बसला होता.

"बोर आहे," तो नीलाला म्हणाला. "खरं सांगतो ताई, एकदम पकाऊ."

"मग ऊठ की."

"थांब ना. होडीवाला खाडीवर असेल ना? आधी ते कळू दे."

नीलाने हे मत मनात जपून ठेवलं. पकाऊ आहे, पण पुढे काय ते कळू दे. आयुष्यात एवढी सरळ शाबासकी तिला कुणी दिली नव्हती.

पण रखवालदारापाशी सगळेच अडकत होते. नीलाने वाट ठेवली होती ती अशी, की मागच्या गल्लीत खोटी आग लावायची, रखवालदार तिकडे धावला की आत घुसायचं. ती वाट कुणालाच सुचली नाही. दामाजीलाही नाही.

मग मशीन आंबिवलीला गेलं. वर्षावास चालू होता. पावसाळ्याचे ते तीन महिने विहारात रोज ग्रंथाचं वाचन असतं. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वाचणारी अडखळली तर हसायचं नाही, हा तिथला नियम. रविवारचं वाचन संपलं आणि पांढऱ्या साड्यांतल्या बायका उठायच्या आत राघोने टेम्पोतून मशीन उतरवलं. दोघीतिघींनी मशीनपुढे हात जोडले.

"हात कसले जोडताय?" भीमाबाई ओरडल्या. विहारातलं सगळ्यात थोरलं माणूस त्या. अक्षरओळख नव्हती, पण तीस वर्षांचं ऐकलेलं सगळं डोक्यात होतं. "यंत्र हाय ते, देव न्हाय. आपण देव सोडले ते काय टीव्हीच्या पाया पडायला? पण चपला बाहेरच राहू द्या. वाचन हाय."

पडदा वीतभर. पन्नास बायकांना दिसणार कसा? नीलाने मग तिथली रीतच धरली. पडद्यावरचं मोठ्याने वाचायचं, थांबायचं, बायका सांगतील ते टाइप करायचं. एकट्याने खेळायचा म्हणून केलेला खेळ, तो पन्नास जणी मिळून खेळायला लागल्या.

"फार चालवतेस गं," शांताबाई म्हणाल्या. "उत्तरेला जा, पूर्वेला जा, परत उत्तरेला जा. माझे पाय दुखाया लागले."

"बसल्या बसल्या?"

"मग? मी मनाने चालत होते की तुझ्याबरोबर!"

नीलाची आई मालन मागे बसली होती. लेकीचं कौतुक करायचं नाही असं ठरवून आलेली. "सगळे पुरुषच दिसतायत तुझ्या गावात," ती म्हणाली. "होडीवाला, मास्तर, रखवालदार. एक सुईण आणि एक ती टाकलेली. बाकीच्या बाया काय माहेरी गेल्यात?"

हशा झाला. नीलाचे कान लाल झाले, कारण खरं होतं.

मग रखवालदार आला. 'दारात रखवालदार उभा आहे. तो म्हणतो, आत जाता येणार नाही. आता काय करणार?'

"पाया पड म्हणावं," कुणीतरी.

"अजिबात न्हाय!" चारपाच जणी एकदम.

"चहा दे त्याला."

नीलाने टाइप केलं. 'तो चहा प्यायला. तरी आत जाता येणार नाही.'

"मेल्याचा चहा वाया गेला," शांताबाई कळवळल्या.

भीमाबाई इतका वेळ भिंतीला टेकून होत्या. त्या म्हणाल्या, "नीले, तो आत गेलाय का कधी?"

"कोण?"

"तुझा रखवालदार. दारात उभा राहतो ते राहू दे. आत काय हाय ते ठाव हाय का त्याला?"

नीलाने रखवालदार केला होता, त्याला मिशा दिल्या होत्या, काठी दिली होती. हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता.

"आपल्याकडे कुणी नवं माणूस आलं आन दारातच घुटमळलं, तर आपण काय करतो?" भीमाबाईंनी सगळ्यांना विचारलं.

"मोठ्याने वाचतो," बायका म्हणाल्या.

हीच तिथली पद्धत होती. दारात कुणी संकोचून उभं राहिलं तर त्याला 'या, बसा' म्हणायचं नाही, माणूस आणखी लाजतं. वाचणारीने फक्त आवाज चढवायचा, दारापर्यंत पोचेल इतका. माणूस आपोआप आत येऊन बसतं.

"मग वाचून दाखव की त्याला," भीमाबाई म्हणाल्या. "हातात सुईणीचं पुस्तक हायच तुझ्या. मोठ्यानं वाच."

नीलाने टाइप केलं: 'मोठ्याने वाच.' मशीन म्हणालं: 'हे मला कळलं नाही.'

"तुला न्हाय कळलं, त्याला कळेल," भीमाबाई मशीनला म्हणाल्या.

नीलाने त्यानंतरच्या आठवड्यात खोटी आग काढून टाकली. रखवालदारासमोर पुस्तक मोठ्याने वाचलं की तो आधी काठी टेकतो, मग खाली बसतो, मग म्हणतो, 'थांबलास का? पुढचं वाच.' आणि पुढचं पान आत आहे, म्हणून तो स्वतःच दार उघडून खेळणाऱ्याबरोबर आत येतो. गावात बायकाही वाढल्या. चालणं थोडं कमी झालं. खेळ आता नुसता नीलाचा राहिला नाही, आणि तिला ते आवडलं.

तेवढ्यात ठाण्याच्या साहित्य मंडळाची जाहिरात आली. हो, तुमच्याच मंडळाची. संगणकावरील मराठी साहित्यकृतींची स्पर्धा. निवडलेल्या कृती फेब्रुवारीत सभागृहात मांडणार आणि जनतेला हाताळायला देणार. नीलाचे डोळे त्या शेवटच्या वाक्यावर खिळले. अनोळखी माणसं, ढीगभर, आणि त्यांच्यासमोर तिचा खेळ! तिने फ्लॉपी पाठवली. सोबत ठळक अक्षरांत लिहिलं, की देवनागरीचं कार्ड असलेल्या मशीनवरच चालवावी.

डिसेंबरात निकाल. निवड नाही. खाली परीक्षकांचं मत: कथा पसरट आहे. भाषा बाळबोध आहे. शेवट अपेक्षित आहे.

आता नीलाचं काय चुकलं ते ऐका. तिने हे मत खरं मानलं. दामाजीचं मानलं, शांताबाईंचं मानलं, आईचं मानलं, तसंच हेही मानलं. जेवली नाही, रडली, आणि मग सुट्टी काढून ठाण्याला मंडळाच्या कचेरीत गेली. भांडायला नाही गेलेली. शिकायला गेलेली.

कार्यवाह खुर्चीत होते. "बसा," म्हणाले. आवाज मऊ.

"सर, कथा नेमकी कुठे पसरट वाटली, ते कळलं तर मी कापून टाकीन. सुईणीच्या घरी का? की खाडीवर?"

"असं आहे," कार्यवाह म्हणाले, "परीक्षकांनी कृती एकूणात पाहिली आहे. खाडी वगैरे तपशिलात ते जात नाहीत."

"बरं. मग भाषा?"

"तीही एकूणात."

नीलाने टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बघितलं. नवाकोरा, त्यावर भरतकामाचं झाकण. "याच्यावरच बघितलं ना सगळ्यांनी?"

"हाच. मागच्याच महिन्यात घेतला."

"याला कार्ड आहे?"

"कसलं कार्ड?"

"मी एकदा लावून बघू?" असं म्हणत, उत्तराची वाट न बघता तिने झाकण काढलं आणि फ्लॉपी आत ढकलली. मशीन घरघरलं. पडद्यावर तिची गोष्ट आली. म्हणजे काय आलं? चौकटी. दुहेरी रेघा. उलटेसुलटे कोपरे, मधेच एखादं ग्रीक अक्षर, परत चौकटी. वरून खालपर्यंत. एक शब्द नाही. एक अक्षर नाही.

"हे असंच दिसलं तुम्हाला?" नीलाने विचारलं.

"असंच," कार्यवाह म्हणाले. मग थोडे चाचरले. "आम्हाला वाटलं, ही नक्षी आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला असते ना, तशी."

"आणि नक्षीनंतर?"

"नंतरही नक्षीच येत होती."

"मग पसरट काय होतं सर? नक्षी?"

कार्यवाहांनी झाकणाची घडी घातली, परत उलगडली. "हे पाहा, परीक्षक अनुभवी आहेत. साहेबांची हयात गेली आहे यात. नवोदितांचं लेखन पसरटच असतं. लेखकाचं नाव, गाव, पत्ता पाहिला तरी एक साधारण अंदाज येतो."

पत्ता. आंबिवली, भीमनगर, खोली अमुक. नीलाने ते ऐकलं आणि तिचं रडू जे निकालापासून येत होतं ते एका क्षणात कायमचं आटलं.

"माझा पत्ता बाळबोध आहे का हो?" तिने विचारलं.

"तुम्ही विपर्यास करताय. आणि निकाल आता बदलता येणार नाही. साहेबांची सही झाली आहे."

खाली रस्त्यावर राघो टेम्पोला टेकून उभा होता. तिचा चेहरा बघून म्हणाला, "काय गो, कोणाचा खून करून आलीस?"

तिने सांगितलं. राघो आधी हसला, मग त्याने खास खाडीवरची एक शिवी घातली, ती इथे लिहिण्यासारखी नाही पण बरोबर होती.

"सभागृह त्यांचं ना? आतलं?" तो म्हणाला. "आणि समोरचा फूटपाथ?"

"कुणाचाच नाही."

"मग आपलाच की!"

फेब्रुवारीतला तो रविवार. सभागृहात बक्षीस समारंभ, आत मांडलेले कॉम्प्युटर, त्यांच्यावर 'कृपया हात लावू नये' अशा पाट्या. जनतेला हाताळायला देणार होते ना साहेब? असो. समोरच्या फूटपाथवर उसाच्या रसाची गाडी. रसवाल्याने वीज दिली, पण घाण्याची मोटर फिरली की मॉनिटर डोळे मिटायचा. टेम्पोतून मशीन उतरलं, पाठोपाठ आंबिवलीच्या बायका उतरल्या, डोंबिवलीहून दामाजी आणि पार्लरची अर्धी फौज आली. कुंडलिकसरही आले. पाण्याची बाटली हातात धरून, घामाघूम.

"आपल्याला इथे अटक तर नाही होणार ना?" त्यांनी विचारलं.

"झाली तर आत वाचायला काही नसतं सर," दामाजी म्हणाला. सरांना विनोद कळला नाही.

नीलाने आपल्या माणसांना बजावलं, "तुम्हाला उत्तरं माहीत आहेत. कुणी तोंड उघडायचं नाही." शांताबाईंनी पदराचा बोळा करून तोंडात धरला.

नीला वाचायला लागली. रस प्यायला आलेले चार जण थांबले. मग सात. समारंभाला निघालेलं एक जोडपं थांबलं, बाई नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." रखवालदारापर्यंत पोचेपर्यंत फूटपाथ भरून गर्दी रस्त्यावर सांडली होती.

"लाच द्या त्याला!"

"नगरसेवकाची ओळख सांगा!"

नीलाने टाइप केलं. 'रखवालदार म्हणतो, नगरसेवकालाही मीच आत सोडलेलं नाही.' टाळ्या पडल्या. तेवढ्यात कुणीतरी रस मागितला, घाणा फिरला, पडदा विझत चालला आणि शेकडो घशांतून एकच गर्जना उठली, "घाणा बंद!" रसवाल्याने दचकून मोटरचं बटण बंद केलं आणि तोही येऊन उभा राहिला. "काय चाललंय ते तरी सांगा राव," तो म्हणाला. मागच्यांनी त्याला पहिल्यापासून गोष्ट सांगितली.

रखवालदार काही हलेना. शांताबाईंचा चेहरा पदरामागे जांभळा व्हायला आला. तेव्हा ती मघाची, नवऱ्याला पुढे पाठवलेली बाई म्हणाली, "अहो, त्याला बिचाऱ्याला कुणी काही ऐकवलंय का? हातात पुस्तक आहे ना, मोठ्याने वाचा की."

भीमाबाईंनी गर्दीतून वाट काढली, त्या अनोळखी बाईच्या जवळ गेल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. ती बाई बावरून हसली. आणि पडद्यावरचा रखवालदार काठी टेकून खाली बसला.

त्यानंतर आवरणं अवघड झालं. लोक धावत होते, उभ्या जागी. सुईणीकडे, खाडीवर, टाकलेल्या बाईच्या दारात. कायद्याचं पुस्तक तिच्या हातात पडलं तेव्हा फूटपाथवर शिट्ट्या झाल्या. आतून माणसं बाहेर यायला लागली. आत कुणाचंतरी भाषण चालू होतं आणि बाहेर सहावं कपाट उघडत होतं. माणसाने काय निवडावं? खुर्च्या रिकाम्या झाल्या. शेवटी तुम्हीही आलात साहेब, गळ्यात हार तसाच, छातीवर 'मुख्य परीक्षक' असा बिल्ला, हा कसला गोंधळ म्हणून बघायला.

तेव्हा सातवं कपाट उघडलं. नीलाने वाचलं: 'या कपाटात एकच पुस्तक आहे आणि ते कोरं आहे. खाली पडलेली अक्षरं गोळा करा. ती आता तुमची आहेत. या गोष्टीचा शेवट इथे लिहा.' पुढे रिकामी ओळ, आणि तिच्यावर चौकोनी ठिपका उघडझाप करत थांबलेला.

लगेच एकच कल्ला.

"लिहा, सगळे सुखी झाले!"

"हॅट! लिहा, रखवालदार ग्रंथपाल झाला!"

"लिहा, शेजारी रस मिळेल," रसवाला म्हणाला.

भांडणं झाली, खरी भांडणं. दोन गृहस्थ एकमेकांना अहोजाहो करत हमरीतुमरीवर आले, एका शेवटासाठी. अखेर त्या अनोळखी बाईने सुचवलेलं सगळ्यांना पटलं: 'उद्यापासून कपाटं उघडी असतील. ज्याला यायचं असेल त्याने यावं.'

"यावं कशाला?" भीमाबाई म्हणाल्या. "या म्हण. आवतण हाय, नोटीस न्हाय."

नीलाने बदललं आणि एंटर दाबलं. पडद्यावर तळाची सगळी अक्षरं भराभर वर चढायला लागली, ओळीमागून ओळ, कपाटामागून कपाट, पडदा भरेपर्यंत. फूटपाथवर माणसं ओरडत होती, अनोळखी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. दामाजीने नीलाला सांगितलं, "ताई, अजून पण पकाऊच आहे," आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मालनने लेकीचं कौतुक करायचं नाही हे व्रत मोडलं आणि तिला सगळ्यांसमोर कवटाळलं. कुंडलिकसर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आमच्या क्लासची आहे. आमचं मशीन आहे. वासाकडे लक्ष देऊ नका."

तुम्ही पुढे झालात. मोठेपणाने. "छान," म्हणालात. "उपक्रम स्तुत्य आहे. पुढच्या वर्षी जरूर पाठवा, मी जातीने लक्ष घालीन."

"पुढचं वर्ष राहू द्या सर," नीला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. "मला बक्षीसही नको. यंदाच्या मतावर तुमची सही आहे. शेवट अपेक्षित आहे, असं म्हणालात."

"परीक्षण गोपनीय असतं," तुम्ही म्हणालात.

"परीक्षण असू द्या गोपनीय. पण हा खेळ ज्याने पुरा केला, त्याने शेवट स्वतःच्या हाताने लिहिलेला असतो. यांनी आत्ता लिहिला, तुम्ही बघितलात. तुम्हीही लिहिला असणार, त्याशिवाय तो अपेक्षित होता हे कळलं कसं?" तिने खुर्ची तुमच्याकडे सरकवली. रसवाल्याने मोटरच्या बटणावरचा हात काढला. "आम्ही थांबतो सर, कितीही वेळ. तुम्ही कोणता शेवट लिहिला होता, तेवढं सांगा."